सकाळी पावणेदहाचा शो, ऑडी पाच

अंधेरी पश्चिमेला लिंक रोडवर सहा पडद्यांचं एक मल्टिप्लेक्स आहे. खुर्च्या ऐसपैस, एसी कडक, स्वच्छतागृहं चकाचक. मोठ्या स्टारचा मसालापट असेल तर बिनधास्त जा, पैसे वसूल होतात. हे परीक्षण मात्र ऑडी पाचचं, म्हणजे तिथल्या पाचव्या पडद्याचं आहे. शंभराच्या आत खुर्च्या, आणि ज्या हिंदी चित्रपटात ना स्टार ना आयटम साँग, त्याला इथे दिवसाला एकच शो मिळतो. वर्सोव्यात, आरामनगरात असे चित्रपट लिहिले जातात, कलाकार निवडले जातात. तिथून इथे यायला रिक्षा पुरते, म्हणून या पडद्याकडून अपेक्षा जास्त.

पहिली तक्रार उजेडाची. डिजिटल प्रक्षेपणात पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड हवा. इथे आदल्या रात्री थ्रीडी शो झाला की भिंगापुढचा फिल्टर सकाळी तसाच राहतो, आणि निम्म्याहून अधिक उजेड तिथेच अडतो. मसालापट हे सोसतो, कारण त्याची गाणी भर उन्हात आणि चेहरे लख्ख प्रकाशात चित्रित केलेले असतात. पण 'तुंबाड'सारखा चित्रपट लावा. पावसाळी आभाळ, वाड्यातला काळोख, एका ज्योतीपुरता दिसणारा चेहरा. उजेड अर्धा झाला की त्या काळोखातले थर जातात आणि उरतो नुसता करडा चिखल. दिग्दर्शकाने जोखीम घेतली ती नेमकी तिथे, आणि तेवढंच दिसत नाही.

आवाजाचं दुखणं याहून मोठं. चित्रपटाचं मिक्सिंग साउंड प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, ७ वर धरून केलेलं असतं. ट्रेलर आणि जाहिराती कानठळ्या बसवतात, प्रेक्षक तक्रार करतात, म्हणून थिएटरवाले फेडर साडेचारवर आणतात आणि मूळ चित्रपटालाही तोच ठेवतात. फेडरचा एक अंक म्हणजे साधारण सव्वातीन डेसिबल. म्हणजे आठेक डेसिबल आवाज गेला. हाणामारीचा चित्रपट एवढं पचवतो, त्याचा आवाज मुळातच चढा असतो. पण शूटिंगच्या जागीच संवाद टिपलेल्या चित्रपटात बाई कुजबुजते, मागे लोकल जाते, नळ ठिबकतो. यातलं काहीच पोचत नाही. मग प्रेक्षक बाहेर पडून म्हणतो, "स्लो आहे." चित्रपट स्लो नव्हता हो, ऐकूच आला नाही!

इंटरव्हलचंही तसंच. मसालापट इंटरव्हलचा धक्का हिशेबात धरूनच लिहितात. पावणेदोन तासांच्या अखंड कथेत मात्र प्लेलिस्ट लावणारा अंदाजाने मध्यावर खूण करतो आणि वाक्य अर्धवट असताना दिवे लागतात.

आता वेळेबद्दल. दिवसाला एकच शो, याची तक्रार मुळीच नाही. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' २० ऑक्टोबर १९९५ ला लागला आणि पुढे वर्षानुवर्षं एकाच मॅटिनीवर जगला. पण ती मॅटिनी साडेअकराची, हे अख्ख्या शहराला पाठ. ऑडी पाचमध्ये शुक्रवारी पावणेदहा, रविवारी दुपारी सव्वातीन, सोमवारी रात्री अकरा, आणि बुधवारी शोच नाही. कोणी कोणाला सांगायचं तरी काय, "जा, बघून ये" म्हणून?

पैशांचं गणितही उलटंच. २००९ मध्ये निर्माता-वितरकांनी मल्टिप्लेक्सविरुद्ध केलेल्या संपानंतर ठरलेल्या तिकीट-कमाईच्या वाटणीत निर्माता-वितरकाकडे पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के जातात. मसालापट पहिल्या तीन दिवसांतच मलई खातो. तोंडी प्रसिद्धीवर चालणारा चित्रपट रंगतो दुसऱ्या आठवड्यात, तेव्हा वाटा उतरलेला असतो आणि पडदाही गेलेला असतो. 'तुंबाड' २०१८ मध्ये जेवढा कमावून गेला, त्याहून जास्त सप्टेंबर २०२४ च्या पुनर्प्रदर्शनात कमावला. प्रेक्षक होता, त्याला वेळ दिला नव्हता.

तरी जायचंच, कारण असे चित्रपट पडद्यावर पाहिलेच पाहिजेत. बुकिंग शुक्रवार-शनिवारचं करा, सोमवारी शो कापले जातात. खुर्ची मधली, पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावरची. जाहिराती सुरू असतानाच ड्युटी मॅनेजरला गाठा आणि "आवाज कमी आहे" असं मोघम सांगू नका. "दादा, थ्रीडी फिल्टर काढून घ्या, आणि पिक्चर सुरू झाला की फेडर निदान सहावर न्या," असं नेमकं सांगा. दोन्ही कामं मिनिटभराची आहेत, आणि नेमकं सांगितलं की इथली पोरं ती मुकाट्याने करतात. पहिली पाच मिनिटं गेल्यावर मात्र प्रोजेक्शनवाला दुसऱ्या ऑडीकडे गेलेला असतो.