ठाणे–नवी मुंबईत इलेक्ट्रिक स्कूटर घेताना : चार्जिंगच्या वेळेची तुलना

शोरूममध्ये ‘चार्ज व्हायला किती वेळ लागतो?’ असे विचारले की जो आकडा सांगितला जातो, तो बहुतेक वेळा शून्यापासून ८० टक्क्यांपर्यंतचा असतो. एका गाडीचा ८० टक्क्यांचा आकडा दुसरीच्या १०० टक्क्यांच्या आकड्याशेजारी ठेवला, तर तुलना तिथेच फसते. म्हणून पुढे सगळीकडे कंपन्यांनी दिलेले ८० टक्क्यांचेच आकडे घेतले आहेत. बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासांत, म्हणजेच वीजबिलातल्या युनिटांत आहे.

बजाज चेतक ३५०१ची बॅटरी ३.५ युनिटांची असून ती ३ तासांत ८० टक्के भरते. टीव्हीएस आयक्यूबची ३.४ युनिटांची आणि एथर ४५०एक्सची ३.७ युनिटांची बॅटरी त्यासाठी साडेचार तास घेते. होंडा क्यूसी१ची बॅटरी मात्र अवघी १.५ युनिटांची, तरी तिलाही साडेचार तासच लागतात. लहान बॅटरी लवकर भरणार, हा समज इथे खोटा ठरतो, कारण चेतकचा चार्जर ९५० वॅटचा आहे आणि क्यूसी१चा ३३० वॅटचा. हिशोब मांडला तर चेतकमध्ये तासाला सुमारे ०.९ युनिट, आयक्यूब आणि एथरमध्ये ०.६ ते ०.७, तर क्यूसी१मध्ये जेमतेम पाव युनिट जाते. त्यातही क्यूसी१ ८० टक्क्यांवरून पूर्ण भरायला आणखी २ तास २० मिनिटे घेते, कारण बॅटरी भरत आली की चार्जर विजेचा प्रवाह मुद्दाम कमी करतो.

आता हाच हिशोब रोजच्या रस्त्यावर लावून पाहू. कासारवडवलीहून ऐरोलीला कामावर जाऊन परत येणे म्हणजे ३५ किलोमीटरच्या आसपास, आणि शहरात एका युनिटात ढोबळमानाने ३० ते ३५ किलोमीटर होतात. ही भर चेतक तास-सव्वा तासात, एथर पावणेदोन तासांत आणि क्यूसी१ चार तासांत काढेल. रात्री दहाला प्लग लावणाऱ्याला या तिन्हींत सकाळी काहीच फरक जाणवणार नाही, आणि म्हणूनच केवळ कमी तासांसाठी जास्त पैसे मोजणे मला पटत नाही.

खरा प्रश्न प्लग कुठे आहे, हा आहे. स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज आपोआप तोडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि १६ अँपिअरचे सॉकेट एवढी सोय सोसायटीने करू दिली, तर वरीलपैकी कोणतीही गाडी चालेल. मी पहिले काही महिने वॉचमनच्या केबिनमधून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून काम भागवले. एका सकाळी प्लग काढायला गेलो, तर तो हाताला चटका बसण्याइतका तापलेला होता आणि बोर्डाचे भोक तपकिरी पडले होते. ९०० वॅटचा भार तासन्‌तास वाहणे हे मोबाइल चार्जरसाठी आणलेल्या बोर्डाचे काम नव्हेच.

पार्किंगमध्ये सॉकेट मिळणारच नसेल, तर काढता येणाऱ्या बॅटरीची हिरो विडा विचारात घ्यावी. तिची बॅटरी घरात नेऊन साध्या सॉकेटवर भरता येते. मात्र वाशी-नेरुळमधल्या सिडकोच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने ती बॅटरी शोरूममध्येच एकदा हातात उचलून पाहावी. एका बॅटरीचे वजन दहा-अकरा किलोच्या घरात भरते आणि काही मॉडेलांत अशा दोन असतात.

रस्त्यावरच्या फास्ट चार्जिंगचा उपयोग अडीनडीला होतो. एथर ४५०एक्स एथरच्या ‘ग्रिड’ या सार्वजनिक चार्जिंग केंद्रांवर मिनिटाला दीड किलोमीटर या वेगाने भरते, म्हणजे चहा संपेपर्यंत पंधराएक किलोमीटरची सोय होते. विडालाही तोच कनेक्टर चालतो आणि २०२३मध्ये त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला आहे. होंडा अॅक्टिव्हा ई मध्ये घरी चार्जिंगच नाही, १.५ युनिटांच्या दोन बॅटऱ्या केंद्रावर बदलून घ्यायच्या. त्यात वेळेचा प्रश्न जवळजवळ मिटतो, पण केंद्र तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर हवे. ते घोडबंदरला किंवा खारघरला तुमच्या घराजवळ आहे का, हे बुकिंगपूर्वी स्वतः जाऊन पाहावे, शक्यतो संध्याकाळी सात-आठच्या सुमारास, म्हणजे तिथली रांगही दिसेल.