यंत्राने लिहिलेल्या कमेंट्स थोपवायच्या कशा? छंदाचा ब्लॉग चालवणाऱ्यांसाठी पर्यायांची तुलना

पक्षी, फाउंटन पेनं, जुने कॅमेरे, बोन्साय, भरतकाम अशा विषयांवर हौसेने लिहिणाऱ्याला महिन्यात चार खऱ्या कमेंट्स आल्या तरी हुरूप येतो. म्हणूनच सध्याचा स्पॅम जास्त खुपतो. पूर्वीचा स्पॅम औषधांच्या आणि जुगाराच्या लिंकांनी लडबडलेला असायचा, तो उघडून वाचायचीही गरज नसे. ‘छान माहिती, असंच लिहीत राहा’ हा एकच मजकूर शब्द बदलून सगळीकडे पडायचा. कधी पाठवणाऱ्याचं सॉफ्टवेअर चुकायचं आणि महिरपी कंसातल्या पर्यायी शब्दांसकट अख्खा साचाच ओतून मोकळं व्हायचं. निदान करमणूक तरी व्हायची.

आताची कमेंट तुमच्या लेखाला धरून असते. शाई अडकण्याबद्दल लिहिलंत, तर ती म्हणते, ‘निब आणि फीडमधल्या फटीबद्दलचं निरीक्षण फार उपयोगी वाटलं. कागदाच्या पोताचाही तितकाच परिणाम होतो का?’ तुम्ही खुशीत सविस्तर उत्तर लिहिता, आणि मग नावावर क्लिक केल्यावर कळतं की प्रश्न विचारणारे गृहस्थ म्हणजे छप्परदुरुस्तीची एक वेबसाइट आहे. मराठीत लिहिणाऱ्यांची पूर्वी एक सोय होती: देवनागरी लेखाखाली इंग्रजी कमेंट दिसली की डोळे मिटून उडवायची. तीही आता उरली नाही.

पर्याय निवडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. मजकूर हुशार झाला असला तरी तो आणून टाकणारा टपालवाला बहुतेक वेळा जुनाच, मठ्ठ स्क्रिप्ट आहे, म्हणजे फॉर्म आपोआप भरत सुटणारा छोटा प्रोग्राम. आणि त्याला हवं आहे तेही जुनंच, म्हणजे स्वतःच्या साइटकडे नेणारी लिंक. त्यामुळे मजकूर वाचून स्पॅम ओळखू पाहणारे उपाय दिवसेंदिवस दुबळे होत जाणार. आणणाऱ्याला अडवणारे किंवा लिंकच काढून घेणारे उपाय जास्त टिकतील.

अकिस्मेट आणि तत्सम सेवा

वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्यांच्या तोंडी पहिलं नाव अकिस्मेटचंच येतं. स्पॅम गाळून देणारी ही सेवा 2005 पासून चालू आहे. कमेंटचा मजकूर, आयपी पत्ता, ब्राउझरची माहिती असं सगळं तिच्या सर्व्हरवर जातं आणि इतर असंख्य साइटींवरच्या अनुभवाशी ताडून निकाल येतो. तिची खरी ताकद या सामायिक अनुभवात आहे. एकच पत्ता किंवा एकच लिंक हजार ठिकाणी दिसली की मजकूर कितीही गोड असला तरी ती पकडली जाते. वैयक्तिक ब्लॉगसाठी द्यायची रक्कम स्वतःच शून्य ठरवूनही ती वापरता येते. मात्र ब्लॉगवर जाहिराती असतील किंवा काही विकत असाल तर तुम्ही व्यावसायिक गटात जाता आणि पैसे भरावे लागतात.

उणीव दोन बाजूंनी आहे. वाचकांची माहिती तिसऱ्याच्या हाती जाते, हे काहींना पटत नाही. शिवाय खरी कमेंट कधीतरी स्पॅमच्या खणात जाऊन पडते आणि ठरावीक दिवसांनी तो खण आपोआप रिकामा होतो. अधूनमधून तिथे डोकावणार नसाल तर एखादा खरा वाचक तुम्ही गप्प केलात हे तुम्हाला कळणारही नाही. महिन्याला चारच कमेंट्स येणाऱ्या ब्लॉगला हा तोटा परवडत नाही.

कॅप्चा

‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणत चित्रांची कोडी घालणारा हा पर्याय मला मुळीच आवडत नाही. 2023 मध्ये अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ही कोडी माणसांपेक्षा बॉट, म्हणजे माणसासारखे वावरणारे प्रोग्राम, जास्त वेगाने आणि जास्त अचूक सोडवतात. म्हणजे सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंग शोधत बसायचं ते फक्त माणसांनी. दृष्टी अधू असलेल्या वाचकाचे हाल वेगळेच. घ्यायचाच असेल तर क्लाउडफ्लेअरचं टर्नस्टाइल घ्या. ते बहुतेकांना काही सोडवायला न लावता मागच्या मागे तपासणी करतं.

हनीपॉट

फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारी एक रिकामी चौकट ठेवायची. स्क्रिप्ट दिसेल ती चौकट भरत सुटतं आणि अडकतं. युक्ती जुनी आहे, पण ती मजकुराकडे बघतच नाही, म्हणून यंत्र कितीही सफाईने लिहू लागलं तरी तिचं काही अडत नाही. अँटीस्पॅम बी हे वर्डप्रेसला जोडायचं मोफत प्लगइन याच जातीचं काम करतं आणि मूळ तपासणीसाठी वाचकांची माहिती बाहेर पाठवत नाही. खरा ब्राउझर चालवणारे बॉट आणि मजुरीवर कमेंट चिकटवणारी माणसं मात्र यातून सुटतात. तरीही फुकट, अदृश्य आणि खऱ्या वाचकाला शून्य त्रास, असं दुसरं काही मला माहीत नाही. अकिस्मेट आणि हा यांतला एकच घ्यायचा असेल, तर छोट्या ब्लॉगला मी हा सुचवेन.

स्वतः तपासून मंजूर करणं

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात मोठी फट इथेच आहे. वर्डप्रेसमध्ये सुरुवातीपासूनच चालू असलेली एक सेटिंग आहे: ज्याची आधी एक कमेंट मंजूर झाली आहे, त्याच्या पुढच्या कमेंट्स थेट छापायच्या. साच्यातल्या स्पॅमच्या काळात हे उत्तम होतं. आता पहिली कमेंट निरुपद्रवी, लेखाला धरून आणि लिंकशिवाय येते. तुम्ही ती मंजूर करता. त्यानंतर तेच नाव आणि तोच ईमेल वापरून आलेली कमेंट विचारत नाही, सरळ आत येते. नेहमीची तपासणी दोन किंवा अधिक लिंका असलेली कमेंट रोखते, पण यांना एकच लिंक पुरते.

म्हणून ब्लॉग लहान असेल तर प्रत्येक कमेंट हाताने मंजूर करण्याची सेटिंग निवडा. ‘हे यंत्राने लिहिलंय का?’ या प्रश्नावर डोकं शिणवू नका. त्याचं खात्रीचं उत्तर मिळत नाही, आणि संशयापोटी जरा औपचारिक लिहिणारा खरा वाचक दुखावतो. नावामागची लिंक कुठे जाते एवढं बघा. रोज दहा-पंधरा खऱ्या कमेंट्स येत असतील तर मात्र हे काम जिवावर येतं आणि गप्पांचा ओघही तुटतो.

याच्या जोडीला फॉर्ममधली ‘वेबसाइट’ची चौकट काढून टाका. छोट्या कोडने किंवा प्लगइनने ती जाते. कमेंटमधल्या लिंकांना नोफॉलो, म्हणजे ‘शोधातला क्रम ठरवताना ही लिंक धरू नका’ अशी खूण, लावण्याची पद्धत गूगलने 2005 मध्येच आणली होती, तरी स्पॅम थांबला नाही, कारण पाठवायला खर्चच येत नाही. 2019 पासून तर गूगल नोफॉलोला आज्ञा न मानता केवळ सूचना मानतं. चौकटच नसेल तर बक्षीसच उरत नाही. आंधळी स्क्रिप्टं तरीही येत राहतील, पण नावामागे दडून बसणारी जात संपते. तोटा एवढाच, की छंदातल्या दोस्तांचे ब्लॉग नावावर क्लिक करून सापडत नाहीत. त्यासाठी बाजूला आवडत्या ब्लॉगांची यादी ठेवावी.

लॉगिनची सक्ती

गिस्कससारखी कमेंट्सची सोय गिटहब या प्रोग्रामरांच्या साइटवरच्या चर्चांवर चालते, म्हणून कमेंट करायला तिथलं खातं लागतं. प्रोग्रामिंगच्या ब्लॉगला ती शोभते. भरतकामाच्या वाचकाला गिटहबचं खातं काढायला सांगणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेवर फक्त गूगल खातं असलेल्यांनाच कमेंट करू देता येते. ते जास्त सुसह्य, कारण खातं बहुतेकांकडे असतंच.

कमेंट्स बंद करून ईमेल

लेखाखाली ‘उत्तर द्यायचं असेल तर ईमेल करा’ एवढंच लिहायचं. पत्रं कमी येतात, पण लांब आणि जिव्हाळ्याची येतात. फक्त ती उत्तरं पुढच्या वाचकाला दिसत नाहीत, आणि छंदाच्या ब्लॉगवर निम्मं ज्ञान कमेंट्समध्येच साठलेलं असतं: कुठल्या कॅमेऱ्यात कुठली बॅटरी चालते, कुठल्या रोपाला कधी तार बांधावी. म्हणून सरसकट बंद करण्यापेक्षा जुन्या लेखांवर बंद करणं बरं. स्पॅमचा मारा बराचसा जुन्या, शोधात वर येणाऱ्या लेखांवरच होतो. वर्डप्रेसमध्ये ठरावीक दिवसांनी कमेंट्स आपोआप बंद करता येतात. तिथे आधीच भरलेला 14 हा आकडा मात्र छंदाच्या विषयांना फार थोडा आहे. असे लेख लोकांना वर्षभराने सापडतात. मी तो वाढवून वर्षाच्या आसपास नेईन, आणि बंद झालेल्या लेखांखाली ईमेलचा पत्ता ठेवेन.