मैदानावरचा कोच की फोनवरचा? पंचेचाळिशीनंतर धावायला लागणाऱ्यांसाठी

पंचेचाळिशीनंतर कोणाच्या तरी देखरेखीखाली धावायचे ठरवले की मुंबईत साधारण दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह किंवा बीकेसीत पहाटे जमणाऱ्या एखाद्या गटात नाव घालायचे. दुसरी म्हणजे परगावच्या कोचकडून आठवड्याचे वेळापत्रक फोनवर घ्यायचे आणि घड्याळाने नोंदवलेले धावणे त्याला पाठवत राहायचे. मी ४७व्या वर्षी दुसऱ्या वाटेने सुरुवात केली आणि नऊ महिन्यांनी पहिलीवर आलो, तेव्हा मी अगदीच तटस्थ आहे असे म्हणता येणार नाही. रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासून डॉक्टरांचा होकार घेतलेला आहे, असे गृहीत धरतो.

फोनवरच्या कोचला श्रेय द्यायलाच हवे. महिन्यातले आठ-दहा दिवस मी फिरतीवर असे आणि परगावी हॉटेलसमोरच्या रस्त्यावरही त्या दिवसाचे धावणे उरकता येई. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे अशा सुरुवातीपासून तीन महिन्यांत मी न थांबता पाच किलोमीटरपर्यंत पोहोचलो, आणि तोवर माझी धापा टाकणारी मूर्ती ओळखीच्या कोणाच्याही दृष्टीस पडली नाही, हाही एक फायदाच. ऑक्टोबरात मात्र त्याने दिलेला वेग मला पेलेना. तो राहतो तिथली हवा कोरडी. इथे सकाळी सहालाच घाम अंगावर सुकत नाही आणि नाडी नेहमीपेक्षा वर चढलेली असते. पण हे एकदा सांगितल्यावर त्याने वेग कमी करून दिला, त्यामुळे ती तक्रार मी फार ताणणार नाही.

माझे बिनसले ते एका रकान्यावरून. प्रत्येक धावण्यानंतर ॲप विचारी : दुखणे १ ते १० मध्ये किती? उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली मला बारीक कळ येऊ लागली होती. चार किंवा त्याहून वरचा आकडा टाकला की रविवारचे लांब धावणे रद्द होऊन त्या जागी विश्रांती येई, हे माझ्या लवकरच लक्षात आले, आणि मग बाथरूमच्या दारात घामेजलेल्या बोटाने मी दर वेळी तीनच लिहू लागलो. जिना उतरताना कठड्याला धरावे लागे त्या दिवशीसुद्धा तीन. कोच बिचारा त्या तीनवर विसंबून अंतर वाढवत राहिला. त्याची चूक नव्हती, हे मान्य आहे. पण ज्या व्यवस्थेत माझ्या शरीराविषयीची एकमेव साक्ष माझीच, आणि त्या साक्षीत माझाच स्वार्थ, ती या वयाला कितपत मानवते याविषयी मला शंका आहे. दम काही आठवड्यांत वाढतो, कंडरा आणि सांधे मात्र सावकाश तयार होतात. नवखा पन्नाशीकडचा माणूस नेमका या दोहोंमधल्या अंतरात सापडतो.

शेवटी सहा आठवडे धावणे बंद ठेवावे लागले. त्यानंतर शिवाजी पार्कच्या एका गटात गेलो. पहिल्याच सकाळी कोच माझ्याकडे पाठ करून कोणाचे तरी स्ट्रेचिंग तपासत होते आणि मी मागून धावत गेलो. मान न वळवता ते म्हणाले, “उजवा पाय आपटतोय. पावलं जरा छोटी टाका.” कट्ट्यावरून उतरताना मी कोणता पाय आधी खाली टेकवतो, हेही त्यांनी त्याच दिवशी पाहून ठेवले होते. तिथे तीन लिहायची सोयच नव्हती.

या वाटेवरही कटकटी आहेत. साडेपाच म्हणजे साडेपाच. डोंबिवली-बदलापूरहून येणाऱ्याने याचा विचारही करू नये, घराजवळचे मैदान पाहावे. पार्काभोवतीची फेरी जेमतेम सव्वा किलोमीटरची, त्यामुळे दहा किलोमीटर म्हणजे तीच झाडे आठ वेळा. व्हॉट्सॲपवर फोटोंचा पूर येतो. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की सगळ्यांना पेडर रोडच्या चढणीने पछाडलेले असते, आणि वर्षभरात २१ किलोमीटर धावायची घाई नसलेल्या माणसालाही उगीच मागे पडल्यासारखे वाटू लागते. रविवारी धावून झाल्यावरच्या मिसळीचा हिशेब मी ठेवत नाही.

शिफ्टची नोकरी असेल, फिरती सुटत नसेल आणि स्वतःच्या दुखण्याबाबत आपण माझ्याहून प्रामाणिक असाल, तर फोनवरचा कोच आपल्याला पुरेल असे वाटते. बाकीच्यांनी निदान पहिले वर्ष मैदानावर काढावे, असे मी सुचवेन. फी भरण्याआधी एखाद्या सकाळी नुसते कट्ट्यावर जाऊन बसावे आणि कोचची नजर कोणावर आहे ते पाहावे. ती पुढे पळणाऱ्या चार जणांवर असेल तर दुसरा गट शोधावा. आपण बराच काळ शेवटच्या चारांत असणार आहोत.