मेफेंटरमाइनची १० मिलीची व्हायल: औषध चोख, बाटली नको तेवढी मोठी

ठाणे-नवी मुंबईतल्या लहान नर्सिंग होमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये भुलेच्या ट्रॉलीवर मेफेंटरमाइन सल्फेट हमखास सापडतं. बोलताना सगळे त्याला मेफेंटिनच म्हणतात. पाठीत भूल दिली की कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी घसरतं. ते वर आणायला हे इंजेक्शन. रसायन अॅम्फेटामाइन या उत्तेजकाच्या कुळातलं. नसांच्या टोकांशी साठलेलं नॉरअॅड्रिनॅलिन हे शरीराचंच रसायन ते बाहेर काढतं, त्यामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयही जोर धरतं. अमेरिकेच्या बाजारातून ते केव्हाच गेलं, आपल्याकडे मात्र टिकून आहे.

टिकलं ते सोयीमुळे. नौपाड्यातली केस आटपून ट्रॅफिकमधून ऐरोलीला पोचलेल्या भूलतज्ज्ञाला तिथे सिरिंज पंप (औषध संथ, ठरावीक वेगाने देणारं यंत्र) मिळेलच असं नाही. बीपी वाढवणारं दुसरं औषध म्हणजे फेनिलेफ्रिन. त्याच्या १ मिलीत १० मिलीग्रॅम औषध असतं आणि डोस ५० ते १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे १०० मिली सलाइनमध्ये पातळ केल्याशिवाय हातच लावता येत नाही, आणि घाईत एक शून्य चुकलं तर डोस दहापट होतो. मेफेंटरमाइन एकाच टप्प्यात तयार होतं, नाडीही मंदावत नाही. तरीही सिझरसाठी पहिली पसंती फेनिलेफ्रिनलाच द्यावी. २०१८च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-सहमतीचा कौल तोच आहे. नाडी आधीच मंद असेल तेव्हा मात्र मेफेंटरमाइन जास्त कामाचं.

भरण्याची पद्धत साधी आहे. बूच स्पिरिटने पुसून वाळू द्यायचं. ३० मिलीग्रॅम प्रति मिलीच्या व्हायलमधून १ मिली औषध २ मिलीच्या सिरिंजमध्ये घ्यायचं, कारण १० मिलीच्या सिरिंजवर १ मिली नेमकं मोजता येत नाही. मग ९ मिली सलाइन भरलेल्या १० मिलीच्या सिरिंजमध्ये ते मिसळायचं. झालं ३ मिलीग्रॅम प्रति मिली. जांभळं लेबल लावून त्यावर औषधाचं नाव आणि ताकद लिहायची. डोस १ ते २ मिली, शिरेतून. असर लगेच सुरू होतो आणि १५ ते ३० मिनिटं टिकतो.

घोळ होतो तो इथेच. बाजारात १५ मिलीग्रॅम प्रति मिलीचीही व्हायल येते. सप्लायरने या खेपेला ती पाठवली आणि असिस्टंटने सवयीने १ मिली घेतलं, तर सिरिंजमध्ये औषध निम्मंच असतं. बीपी उठत नाही आणि दोष औषधाच्या माथी जातो. उलट १५ची सवय असलेल्या हाताने ३०च्या व्हायलमधून २ मिली ओढलं की डोस दुप्पट! म्हणून भरण्याआधी लेबल मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने ते ऐकावं.

तिसऱ्या-चौथ्या डोसनंतर असर ओसरायला लागतो, कारण नसांमधला नॉरअॅड्रिनॅलिनचा साठाच संपत येतो. तेव्हा डोस वाढवत बसू नये. सलाइन पुरेसं गेलंय का, रक्तस्राव चाललाय का, गरोदर बाईला डावीकडे कलतं ठेवलंय का, हे आधी बघावं. रक्त वाहत असताना बीपी नुसतं औषधाने धरून ठेवणं घातक आहे. नाडी आधीच धावत असेल, हृदयाची झडप आकुंचलेली असेल किंवा पेशंट एमएओ इन्हिबिटर गटातली (नैराश्यावर वगैरे दिली जाणारी) गोळी घेत असेल, तर हे औषध बाजूला ठेवलेलं बरं. लिनेझोलिड हे अँटिबायोटिकही थोडंफार त्या गोळ्यांसारखंच वागतं, हे पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही.

खरी तक्रार बाटलीच्या आकाराची आहे. १० मिलीत ३०० मिलीग्रॅम, म्हणजे ३ मिलीग्रॅमचे १०० डोस. एका पेशंटला लागतात दोन-चार. उरलेली व्हायल टोचल्या बुचानिशी ट्रेमध्ये पडून राहते आणि तिच्यावर उघडल्याची तारीखही नसते. जंतुसंसर्गाची भीती आहेच, पण त्याहून काळजी वाटते ती व्हायलला फुटणाऱ्या पायांची. व्यायामशाळेतली पोरं अंगात जोर यावा म्हणून हेच इंजेक्शन टोचून घेतात. छाती धडधडते, झोप उडते, भास होऊ लागतात, हृदय कायमचं दुखावू शकतं आणि सवय सुटता सुटत नाही. एकाच सुईवर दोघांनी भागवलं तर कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच. उत्तेजक म्हणून खेळाडूंना ते वर्ज्य आहे, आणि चिठ्ठीशिवाय ते विकणं बेकायदा आहे.

कंपन्यांनी १ मिलीचे अँप्युल (एकदाच वापरायच्या सीलबंद काचकुप्या) सर्रास पुरवले तर यातलं बरंच टळेल. तोवर व्हायल कुलपात ठेवावी. वहीत उघडल्याची वेळ, वापरलेले मिली आणि ओतून टाकलेले मिली लिहून दोन सह्या घ्याव्यात. रिकामी व्हायलही मोजूनच कचऱ्यात जावी.