निसर्गचित्रासाठी मुक्त छायाचित्रे: कॉमन्स, अनस्प्लॅश की स्वतःचा मोबाइल?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील ज्या चित्रकारांना नोकरी-व्यवसायामुळे वरचेवर स्पॉटवर जाऊन बसता येत नाही, त्यांना छायाचित्रावरून निसर्गचित्र करण्यावाचून गत्यंतर नसते. पण ते चित्र विकायचे किंवा प्रदर्शनात मांडायचे असेल, तर गुगलवर सापडलेला पहिला फोटो समोर ठेवून भागत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार कलाकृतीची कोणत्याही माध्यमात पुनर्निर्मिती करण्याचा हक्क मूळ कर्त्याकडे असतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत संरक्षण मिळते. वास्तूची गोष्ट वेगळी आहे. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराचे चित्र काढण्यास हा कायदा आडवा येत नाही. अडचण येते ती दुसऱ्याने काढलेल्या फोटोवरून ते उतरवताना.

आपल्या परिसराचेच चित्र करायचे असेल, तर माझ्या मते पहिला शोध विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियामागच्या संस्थेच्या मुक्त छायाचित्रांच्या संकेतस्थळावर घ्यावा. तेथे ‘व्यावसायिक वापर नको’ किंवा ‘बदल करू नये’ एवढ्याच अटींवर दिलेली छायाचित्रे मुळात स्वीकारली जात नाहीत, त्यामुळे तेथील फोटोवरून केलेले चित्र विकण्यास परवान्याची सहसा हरकत नसते. मात्र प्रत्येक फोटोखालचा परवाना वाचावा लागतो. हे परवाने बहुधा ‘सीसी’, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे, कर्त्याने वापराला आधीच परवानगी देण्याचे असतात. ‘सीसी झिरो’ असेल तर कोणतेही बंधन नाही. ‘सीसी बाय’ असेल तर छायाचित्रकाराचे नाव, परवाना आणि आपण केलेला बदल यांचा उल्लेख चित्राच्या वर्णनात किंवा प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात करावा लागतो. खरी गोम ‘सीसी बाय-एसए’ मध्ये आहे, आणि नेमके हेच परवाने तेथे फार आढळतात. अशा फोटोवर उघडपणे बेतलेले चित्र प्रसिद्ध केले, तर ते त्याच परवान्याखाली खुले करावे लागते, म्हणजे त्याची छापील प्रत दुसऱ्या कोणी काढून विकली तरी आपल्याला ती अडवता येत नाही. मूळ चित्र एकदाच विकणाऱ्याला याचे फारसे काही वाटणार नाही. प्रिंट आणि कॅलेंडर काढणाऱ्याने मात्र असे फोटो टाळलेले बरे.

अनस्प्लॅश या मोफत छायाचित्रांच्या संकेतस्थळाचा व्यवहार सुटसुटीत आहे. तेथील छायाचित्रे २०१७ पर्यंत सीसी झिरोखाली होती. त्यानंतर संस्थेने स्वतःचा परवाना आणला, तरी व्यावसायिक वापराला परवानगी आहे आणि नावाचा उल्लेख सक्तीचा नाही, फक्त मूळ फोटो फारसा बदल न करता विकता येत नाही. पिक्साबे या तशाच संकेतस्थळाचा परवानाही साधारण याच वळणाचा आहे. तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रतिमाही असतात, आणि ज्या प्रतिमेत झाडाची सावली एकीकडे व घराची दुसरीकडे पडते, ती अभ्यासाला कुचकामाची.

परवाना सोपा असला, तरी चित्रकाराच्या दृष्टीने या संकेतस्थळांची उणीव वेगळीच आहे. तेथील बहुतेक फोटो देखणे दिसावेत म्हणून काढलेले आणि रंग चढवलेले असतात. धबधब्याचेच उदाहरण घ्या. शटर बराच वेळ उघडे ठेवून टिपलेले पाणी रेशमासारखे पांढरेशुभ्र दिसते. ते पाहून घटप्रभेवरचा गोकाकचा धबधबा रंगवला, तर ऐन पावसाळ्यात सुमारे ५२ मीटरवरून कोसळणाऱ्या त्या गढूळ, तांबूस लोंढ्याचा जोर आणि त्याच्या तुटक कडा चित्रात येणारच नाहीत. कॉमन्सवरचे प्रवाशांनी भरदुपारी काढलेले साधे फोटो दिसायला रुक्ष असतात, पण पाण्याचा रंग आणि खडकाचे थर त्यांतून अधिक प्रामाणिकपणे कळतात. ढग, धुके, संध्याकाळचा उजेड यांच्यासाठी अनस्प्लॅश खुशाल वापरावे. खानापूरकडची जांभ्याची भिंत किंवा पावसाळ्यातली भातखाचरे शोधू लागलात की निवड एकदम तोकडी होते.

जुन्या काळाचे दृश्य करायचे असल्यास न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून सीसी झिरोखाली खुल्या केलेल्या प्रतिमा पाहाव्यात. त्यांतून रचना शिकता येते, आपला मुलूख क्वचितच भेटतो.

स्वतःच्या मोबाइलने काढलेल्या फोटोला परवान्याची कटकट नाही, आणि स्वतःच्याच संदर्भावरून केलेली चित्रे मागणाऱ्या स्पर्धांनाही तो चालतो. त्याची मर्यादा एकच, की कॅमेरा सावली काळी करून टाकतो. जांभ्याच्या भिंतीच्या सावलीत समोरच्या लाल मातीचा परावर्तित उजेड डोळ्याला स्पष्ट दिसतो, पण फोटोत तेथे नुसता काळा डाग उरतो. म्हणून एकाच जागेचे दोन फोटो काढावेत, एकदा उजळ भागावर आणि एकदा सावलीवर बोट टेकवून, आणि सावलीत दिसलेला रंग तेथेच पेन्सिलीने वहीत टिपून ठेवावा.