चार फुटी टँकखालचा संप: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यानंतर

संप म्हणजे माशांच्या टँकखाली ठेवलेली दुसरी टाकी: वरचं पाणी तिच्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं. तो बनवताना बहुतेक जण आधी विचारतात, मीडिया (स्पंज, सिरॅमिक रिंग असं गाळण्याचं साहित्य) किती बसेल? इतके महिने वापरून माझं मत पक्कं झालंय: आधी रिकामी जागा किती सोडायची ते ठरवा, मीडियाचं नंतर बघा.

माझा टँक आतून १२० बाय ४५ सेंटिमीटर, पाणी साधारण २२० लिटर, मासे ओरांडा गोल्डफिश, म्हणजे घाण भरपूर. खालचा संप ७५ बाय ३५, उंची ३८ सेंटिमीटर.

पुण्यात आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, वळवाच्या पावसात तर कधीही. पंप थांबला की वरचं पाणी रिटर्नच्या, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणाऱ्या पाइपातून उलटं खाली यायला लागतं आणि पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत येतच राहतं. या टँकमध्ये एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ५.४ लिटर. तोंड चार सेंटिमीटर बुडालेलं असेल तर साडेएकवीस लिटर खाली उतरतं आणि संपची पातळी आठ सेंटिमीटरच्या वर चढते. पाइपांतलं आणि ओव्हरफ्लो पेटीतलं (जिच्यातून टँकचं पाणी खाली उतरतं) पाणी वेगळंच. म्हणून पंप चालू असताना संपात २३ सेंटिमीटरच पाणी ठेवतो. रिटर्नच्या पाइपाला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक बारीक भोक पाडलंय. तिथून हवा शिरली की सायफन, म्हणजे पाण्याची ही उलटी ओढ, लवकर तुटतो. त्यात शेवाळ धरतं, म्हणून पाणी बदलताना टूथपिक फिरवून घ्यायची. पण हिशोब भोक बुजलंय असंच धरून केलाय. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर तर अजिबात विसंबू नका, कचऱ्याचा कण अडकला तरी तो नीट बसत नाही. संपूर्ण पावसाळ्यात फरशीवर थेंब पडला नाही, आणि याचं मला फार समाधान आहे.

आवाजाची भीती घरच्यांना होती. खाली येणारे पाइप दोन ठेवले: एक गेट व्हॉल्व्हने (फिरवून हळूहळू उघडणारी झडप) प्रवाह जुळवून पूर्ण भरून वाहणारा, दुसरा थोडा उंच, पहिला तुंबला तर कामाला येणारा. वीज परत आली की मिनिटभर गुडगुड होते, मग शांत. बॉल व्हॉल्व्हने प्रवाह इतका बारीक जुळवता येत नाही.

पंपावर ताशी ३००० लिटर छापलंय. सव्वा मीटर वर चढवल्यावर १५ लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरते, म्हणजे प्रत्यक्षात १८००. माझ्या टँकला ते पुरतं, पण पंप घेताना छापील आकड्यावर जाऊ नका.

संपात पाणी आधी फिल्टर सॉकमध्ये (गाळणीची कापडी पिशवी), मग स्पंज, मग सिरॅमिक रिंग, शेवटी बुडबुडे अडवणाऱ्या काचा आणि पंप. गोल्डफिशमुळे सॉक तीन-चार दिवसांत भरतो आणि पाणी न गाळता वरून वाहतं, तेव्हा दोन-तीन सॉक हाताशी हवेतच. स्पंज आणि रिंग मात्र नळाखाली धुवू नका, क्लोरीनने त्यांवरचे घाण पचवणारे बॅक्टेरिया मरतात. टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा. माशांच्या घाणीतून होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकलेत.

त्रास आहे तो बाष्पीभवनाचा. वरच्या टँकची पातळी हलत नाही, सगळी घट पंपाच्या कप्प्यात दिसते. मे महिन्यात पंख्याखाली रोज तीनेक लिटर पाणी उडायचं आणि त्या छोट्या कप्प्यात पातळी चार सेंटिमीटर उतरायची. दोन दिवस गावाला जायचं तरी शेजारच्या काकूंना पाणी घालायला सांगावं लागतं. पंप कोरडा चालला तर जळतो. ही घट भरायला आरओचं पाणी वापरतो, कारण टँकरचं जड पाणी रोज घातलं तर क्षार साठत जातात. पावसाळ्यात कपाटात दमट होतं, साधा प्लाय फुगतो. लोखंडी स्टँड घ्या आणि मागची बाजू उघडी ठेवा. विजेचा खर्च किरकोळ: ३० वॉटचा पंप, महिन्याला २२ युनिटच्या आत.

दोन फुटी टँकला एवढा खटाटोप नको, तिथे साधा स्पंज फिल्टर उत्तम. चार फुटी टँक आणि गोल्डफिश असतील तर मी संपच सांगेन. तयार टँक घेत असाल तर तळाची काच टफन्ड (तापवून कडक केलेली) आहे का हे दुकानात आधी विचारा. तिला संपच्या पाइपांसाठी भोक पाडता येत नाही, पाडायला गेलं की सगळी काच फुटते.