क्लोव्हर ट्रॅप : दोन हिवाळे वापरल्यानंतर

आधीच सांगते, हा सापळा तुम्हाला विकत घ्यायचा नाहीये. न्यूयॉर्क राज्यात परवान्याशिवाय हरणाला सापळा लावणं बेकायदा आहे, आणि आपल्याकडे तर वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. तरी लिहितेय, कारण शिकत असताना दोन हिवाळे मी त्या राज्याच्या उत्तरेकडच्या एका गावात याच एका वस्तूमागे घालवले. गोंदियाला फोन केला की आई विचारायची, "काय काम असते तुझं तिथं?" मी म्हणायचे, "हरणं पकडते." मग तिचा ठरलेला प्रश्न यायचा, "मंग?" सापळ्याबद्दल मी तासभर बोलू शकते. त्या "मंग?"ला मात्र अजून अडखळते.

वस्तू अशी. लोखंडी नळ्यांची चौकट, साधारण सात फूट लांब, तीन फूट रुंद, चार फूट उंच. बाजूंनी आणि वरून नायलॉनची जाड जाळी, एका टोकाला वरून खाली पडणारं दार. तळ नाही, खाली जमीनच. नाव ऐकून मला वाटलं होतं की ते तिपानी चाऱ्यावरून पडलं असेल, पण ते माणसाचं आडनाव निघालं. मेल्विन क्लोव्हर कॅलिफोर्नियाच्या वन्यजीव खात्यात होते. १९५४ साली त्यांनी आपल्या सापळ्याचा आराखडा प्रसिद्ध केला आणि दोन वर्षांनी सुधारून एकाच दाराचा केला. पुढे कोणीकोणी जाळी बदलली, चाप बदलला, घडी घालायची सोय केली, पण सांगाडा तोच राहिला. आमचे सापळे गावातल्याच एका वेल्डरनं बनवलेले होते. घडी घातली की पिकअपमध्ये चार-पाच मावतात आणि एक माणूस एक सापळा ओढत नेऊ शकतो. माझ्यासारखी सव्वापाच फुटांची बाईसुद्धा, बर्फ गुडघ्यापर्यंत नसेल तर.

चाप बघून तर मला हसूच आलं. एवढी विद्यापीठं, एवढे परवाने, आणि शेवटी दाराची दोरी अडकवलेली असते घरातल्या उंदराच्या लाकडी चापाला! सापळ्याच्या मागच्या भागात तंगूस आडवा ताणलेला असतो. हरीण मक्यासाठी आत शिरतं, छातीनं तंगूस ढकलतं, वर चाप सुटतो, दार पडतं. बॅटरी नाही, मोटर नाही. दाराला एक चुंबक बांधलेलं असतं, ते निसटलं की आमच्या फोनवर मेसेज. एवढाच काय तो आधुनिकपणा.

नवीन माणूस इथे एक चूक हमखास करतो, ती म्हणजे घाई. पहिले आठ-दहा दिवस दार वरच बांधून ठेवायचं आणि नुसतं खाऊ घालायचं. आधी सापळ्याच्या बाहेर मका, मग उंबऱ्यावर, मग आत, मग अगदी मागे. सोबत चिरलेली सफरचंदं, त्यांचा वास लांब जातो. हरीण पहिले दोन दिवस फक्त मान आत घालतं, मागचे पाय बाहेरच, पळायच्या तयारीत. चारही पाय आत गेलेले कॅमेऱ्यात दिसले की मगच चाप लावायचा. मी पहिल्या आठवड्यात उतावीळपणा केला आणि ज्या घराच्या परसात तो लावला होता, तिथली पाच हरणं महिनाभर सापळ्याकडे फिरकली नाहीत. कुंपणापलीकडून बघायची, बस.

दार पडल्यावरचं काम दोघांचं. बोलायचं नाही, टॉर्च खाली धरायचा, शेवटचे वीस पावलं मात्र झपाझप. चौकटीची खीळ काढून सापळा एका बाजूला कलंडवला की तो हरणासकट चपटा होतो आणि हरीण जाळीखाली दाबलं जातं. एकानं अंगाचा भार टाकायचा, दुसऱ्यानं डोळे झाकायचे. डोळे झाकायला मी जुन्या स्वेटशर्टची बाही वापरायचे. बाही नाकावरून मागे सरकवली की जी मादी आत्तापर्यंत धौकनीसारखी धापत होती, तिचा श्वास हळूहळू लांब होतो. मग मांडीत इंजेक्शन. ती गुंगेपर्यंतची दहा मिनिटं मी तिच्या मानेवर हात ठेवून बसायचे. पापण्यांवर बर्फाचे कण, तोंडाला सफरचंदाचा वास, कानाच्या आत तिळाएवढ्या गोचिडी. पन्नास-साठ किलोचं जनावर, पण पाय आपल्या मनगटाएवढे. सगळ्यात आधी ताप बघायचा. चाळीसच्या वर गेला तर बाकीचं सगळं सोडून पोटाला आणि जांघेत बर्फ लावायचा.

आता तक्रारी. दार गोठतं. दिवसा बर्फ वितळून नळीवरून पाणी ओघळतं, रात्री ते घट्ट होतं, आणि चाप सुटूनही दार तसंच वर लटकतं. हरीण मका खाऊन आरामात बाहेर. आम्ही नळ्यांवर मेणबत्ती घासायचो, थोडा फरक पडायचा. खारी तंगूस कुरतडतात. रॅकून नावाचं ते मुखवटेवालं जनावर रात्रभर मका खाऊन सापळ्यातच झोपतं, आणि बाहेर काढायला गेलं की आपल्यावरच गुरगुरतं. ज्या वर्षी ओकची फळं भरपूर पडतात, त्या वर्षी मक्याला कोणी विचारत नाही. शिंगं असलेल्या नरासाठी हा सापळा वापरूच नये, शिंगं जाळीत अडकून मान पिळवटते. शिंगं गळेपर्यंत थांबावं. माद्यांचंही नाक जाळीवर घासून सोलवटतं. बारीक विणीची जाळी लावल्यावर आमच्याकडे ते कमी झालं.

सगळ्यात मोठी तक्रार सापळ्यापेक्षा हरणाच्या शरीराशी आहे. घाबरून, झटापट करून त्याचे स्नायू आतल्या आत फुटू लागतात. इंग्रजीतलं नाव कॅप्चर मायोपॅथी. हरीण उठतं, चालत जातं, तुम्ही समाधानानं घरी येता, आणि काही दिवसांनी ते मरतं. आमच्या हातची एक मादी बाराव्या दिवशी ओढ्याकाठी सापडली. दार पडल्यापासून आम्ही पोचेपर्यंत पन्नास मिनिटं गेली होती, कारण फोन माझ्याकडे होता आणि मी झोपले होते. हा दोष सापळ्याच्या खात्यात टाकता येत नाही.

दुसरे पर्याय आहेत. वरून पडणारं मोठं जाळं एका वेळी पाच-सहा हरणं धरतं, पण मग तितकी माणसं थंडीत दबा धरून बसवावी लागतात. बारूद लावून उडवायचं जाळं असतं, ते वस्तीत कोण उडवू देणार? आपल्याकडे मध्य प्रदेशात चितळं हलवायला आफ्रिकेतली बोमा पद्धत वापरतात, नरसाळ्यासारखं कुंपण निमुळतं होत थेट ट्रकमध्ये. त्याला मोकळं रान लागतं. आमची रानं म्हणजे लोकांची परसं, एका बाजूला झोपाळा, दुसऱ्या बाजूला बार्बेक्यूची शेगडी. तिथे सात बाय तीनच्या चौकटीला तोड नाही.

मुळात गावात हरणं का पकडायची, हे घरच्यांना समजावणं कठीण गेलं. या भागातून लांडगे आणि प्यूमा कधीच संपले. बंदुकीनं शिकार करायची तर न्यूयॉर्कच्या कायद्यानं घरापासून ५०० फूट लांब हवं, आणि गावात घरापासून ५०० फूट लांब म्हणजे दुसऱ्याच्या घरात. उरलं काय, तर हिरवळ, ट्यूलिप आणि वर्षाला दोन-दोन पाडसं. जंगलाच्या तुकड्यात कमरेखाली काही उगवत नाही. नवी रोपटी वर यायच्या आत खाल्ली जातात. शिवाय गाड्यांची टक्कर. आणि गोचिडी. त्या चावल्या की माणसाला लाइम नावाचा आजार होतो. त्याचा जंतू गोचिडीला मुख्यतः उंदरांकडून मिळतो, पण मोठ्या झालेल्या गोचिडीला रक्त पिऊन अंडी घालायला बहुतेकदा हरीणच लागतं. आई म्हणाली, "आपल्याकडं वाघ आहे ते बरं." नागझिऱ्यात २०२३ साली वाघिणी आणून सोडल्या, ते तिनं पेपरात वाचलं होतं.

तर, "मंग?"

परसाचे मालक सगळे एकच सुचवायचे, लांब जंगलात नेऊन सोडा. ऐकायला छान. पण न्यूयॉर्कमध्ये २००५ साली जंगली हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा झुरणीला लावून मारणारा मेंदूचा रोग सापडला. त्याची लागण असलेलं हरीण दीड-दोन वर्षं धडधाकट दिसतं, त्यामुळे इकडचं उचलून तिकडे सोडायला कोणी परवानगी देत नाही. आणि सोडायचं कुठे? लांबच्या जंगलातही हरणं आहेतच.

मग नसबंदी. इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठानं आपल्या परिसरातल्या ७७ माद्यांवर शस्त्रक्रिया केली, एकीमागे सुमारे १,२०० डॉलर. बहुतेकींच्या फक्त नळ्या बांधल्या, अंडाशय तसेच ठेवले. माद्या गाभण राहीनात, म्हणून पुन्हा पुन्हा माजावर येत राहिल्या, आणि त्या वासावर बाहेरचे नर येत राहिले. आकडा जिथल्या तिथे! नंतर तिथे मारायचे परवाने घेतले गेले, आणि त्या कामालाही क्लोव्हर ट्रॅपच आले. स्टेटन आयलंडवर न्यूयॉर्क शहरानं २०१६ पासून उलटं केलं, नरांची नसबंदी, तीही भूल देणारे बाण मारून. आमच्या प्रकल्पात माद्यांचे अंडाशयच काढायचे. डॉक्टर एका गॅरेजात टेबल मांडून बसायचे आणि आम्ही स्ट्रेचरवर आणून द्यायचो.

आणि तिसरं म्हणजे मारणं. मोंटाना राज्यातल्या हेलेना शहरात २००८ पासून पोलीस खात्यानंच सापळे लावून हरणं मारली, मांस गरजूंना वाटलं. कॅनडात क्रॅनब्रूकला हाच सापळा आणि कत्तलखान्यातलं खिळ्याचं पिस्तूल. तिथल्या इनव्हरमीअर गावात प्रकरण कोर्टात गेलं. जिवंत पकडणं हा शब्द ऐकून दिलासा वाटतो ना, त्या शब्दात फक्त दार पडेपर्यंतची गोष्ट आहे. आमची जाळीसुद्धा एका रात्री कोणीतरी चाकूनं उभी फाडली. आम्ही मारत नव्हतो, पण सापळ्याकडे बघून ते कसं कळणार? मी ती जाळी दुपारभर बसून शिवली. राग आला नाही असं म्हणणार नाही, पण फाडणाऱ्याशी मला भांडायचंही नव्हतं.

सापळ्याला पाचपैकी चार. एक तारा गोठणाऱ्या दाराचा कापला. कामाला किती द्यायचे ते अजून ठरत नाही.

जाता जाता एकतीस नंबरबद्दल. जानेवारीत तिची शस्त्रक्रिया झाली, कानात पिवळा बिल्ला लागला. दहा दिवसांनी मेसेज आला, धावत गेलो, तर आत एकतीस. दार उचललं, गेली. चार दिवसांनी परत एकतीस. आम्ही सापळा उचलून तीन घरं सोडून लावला, तिथेही एकतीस. फेब्रुवारीच्या शेवटी मी एकटीच गेले, पहाटेचे पाच, उणे अठरा. ती मका संपवून खाली बसली होती आणि रवंथ करत होती. मी दार वर उचलून धरलं. ती उठली नाही. हात भरून आले तेव्हा मी दाराला काठीचा टेकू लावला आणि गाडीत जाऊन हीटर सुरू केला.